खिळ्यावरची किल्ली आणि बत्तिसावी बॅग

कमल अक्कांची आणि माझी पहिली गाठ प्रयोगशाळेच्या दारात पडली आणि ती फारशी गोड नव्हती. विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागात अधिव्याख्याता म्हणून मी रुजू झालो, त्याचा तो पहिला दिवस. अंगात नवा शर्ट, खांद्याला नवी बॅग आणि डोक्यात पहिल्या नोकरीची हवा. दारात पन्नाशीच्या एक बाई उभ्या होत्या. त्यांनी माझ्या तोंडाकडे न पाहता बॅगेकडे पाहिले आणि "बॅग बाहेर" एवढेच म्हणाल्या. मी विद्यार्थी नसून नवा सर आहे, हे मी त्यांना जरा आवाज चढवूनच सांगितले. त्यावर त्यांनी शांतपणे विचारले, "सरांना धूर लागत नाही का?"

मी बॅग घेऊन आत गेलो. बाहेर व्हरांड्यातल्या लाकडी मांडणीवर विद्यार्थ्यांच्या बॅगा ओळीने लावलेल्या होत्या. त्या ओळीत माझी बॅग त्या दिवशी नव्हती आणि पुढची दीड वर्षेही नव्हती. हा तपशील क्षुल्लक वाटेल, पण मी रसायनशास्त्राचा माणूस आहे, क्षुल्लक तपशील नोंदवून ठेवण्याची मला सवय आहे.

श्रीमती कमलबाई भामरे यांनी आमच्या विभागात प्रयोगशाळा परिचर म्हणून सत्तावीस वर्षे काम केले. त्या शिंदखेडा तालुक्यातल्या, नरडाण्याजवळच्या एका खेड्यातल्या. शिपायापासून कुलगुरूंपर्यंत सगळे त्यांना अक्काच म्हणत. त्यांच्या पंच्याहत्तरीनिमित्त गौरवग्रंथ काढायचे माजी विद्यार्थ्यांनी ठरवले, तेव्हा आमच्याकडे काही भुवया उंचावल्या. असे ग्रंथ प्राध्यापकांचे निघतात, फार तर कुलसचिवांचे. परिचर बाईंवर गौरवग्रंथ हा आमच्या विद्यापीठात पहिलाच. एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी मला विचारले की, अक्कांचे शोधनिबंध नाहीत, पुस्तके नाहीत, मग तुम्ही लिहिणार तरी काय? मी म्हटले, त्या कुणाला मरू देत नाहीत, हे लिहीन. त्यांना तो विनोद वाटला. मला विनोद फारसा जमत नाही, हे त्यांना अजून ठाऊक नसावे.

बॅगा बाहेर ठेवण्याचा नियम सगळ्याच प्रयोगशाळांत असतो. बाकांवर अडचण होऊ नये, कापडावर आम्ल सांडू नये, एवढाच त्याचा हेतू. अक्कांनी त्याला दुसरे काम लावले होते. प्रात्यक्षिक सुरू झाले की त्या बॅगा मोजत आणि तो आकडा दारामागच्या छोट्या पाटीवर खडूने लिहीत. कुणी मध्येच निघून गेला तर त्याची बॅगही जाई आणि आकडा पुसून नवा लिहिला जाई. आत किती जीव आहेत हे अक्कांना कोणत्याही क्षणी ठाऊक असे. मी एकदा त्यांना म्हणालो की, त्यासाठी माझ्याकडे हजेरीपट आहे. त्या हसल्या. हजेरीपटावर नावे असतात, माणसे असतीलच असे नाही, असे त्यांचे म्हणणे.

ही पद्धत त्यांनी कुठून आणली, हे मला पुष्कळ उशिरा कळले. त्यांच्या आई कापूस वेचणाऱ्या बायकांच्या टोळीच्या मुकादम होत्या. सकाळी शेतात शिरण्यापूर्वी सगळ्या बायका भाकरीची गठुडी बांधावरच्या बाभळीला टांगत. पुरुषभर उंचीच्या कपाशीत एकदा बाई शिरली की दिसत नाही. जेवणाच्या वेळी झाडावर एखादे गठुडे राहिले तर अक्कांच्या आई कुणालाही घास घेऊ देत नसत. आधी ती बाई सापडली पाहिजे. कुणाला ऊन लागलेले असे, कुणाला पान लागलेले, म्हणजे साप चावलेला असे, कुणी नुसतीच रुसून बसलेली असे. अक्का लहानपणी त्या बाभळीखाली बसून गठुडी मोजत. विद्यापीठात आल्यावर त्यांनी बाभळीच्या जागी मांडणी धरली, एवढाच फरक.

त्यांच्या बाकीच्या रीतीही अशाच साध्या होत्या. आगीसाठी वाळूने भरलेल्या लाल बादल्या प्रत्येक इमारतीत टांगलेल्या असतात. आमच्याकडे त्यांत वाळूपेक्षा पानाच्या पिचकाऱ्या आणि एसटीची तिकिटेच जास्त असत. अक्का दर सोमवारी आमच्या मजल्यावरच्या बादल्या उपसून पुन्हा कोरडी वाळू भरत. काही झाले तर ओले कापड तोंडाला बांधायचे आणि सगळ्यांनी समोरच्या कडुनिंबाखाली जमायचे, असे त्या प्रत्येक नव्या तुकडीला पहिल्याच दिवशी सांगत. पोरे हसत. कडुनिंबाखाली चहाची टपरी होती, तेव्हा तिथे जमायला काही व्हायची गरज नाही, असे ती म्हणत. आणि तिसरी रीत मागच्या दाराची. प्रयोगशाळेच्या मागच्या अंगाला तराजूची खोली होती. नाजूक काटे वाऱ्याने हलू नयेत म्हणून वेगळी ठेवलेली. तिचे एक दार प्रयोगशाळेत उघडे आणि दुसरे इमारतीच्या मागच्या बोळात. या मागच्या दाराला कुलूप असे, पण त्याची किल्ली अक्का बाहेरच, दाराशेजारच्या खिळ्याला टांगून ठेवत.

आता जे लिहितो आहे, ते मी आजवर कागदावर उतरवलेले नाही.

माझ्या प्रात्यक्षिकाला पोरे मागच्या दाराने सटकत. आतली कडी काढायची, बाहेर उभ्या असलेल्या मित्राने खिळ्यावरची किल्ली घेऊन कुलूप उघडायचे आणि तराजूवर वजन करायला म्हणून गेलेला विद्यार्थी अर्ध्या तासाने टपरीवर सापडायचा. मी नवा होतो, परिविक्षेवर होतो आणि माझ्या वर्गात शिस्त आहे हे विभागप्रमुखांना दिसावे अशी मला घाई होती. मी अक्कांना लेखी मेमो दिला. त्यातले वाक्य मला तोंडपाठ आहे. "मागील दाराची किल्ली खिळ्यावर टांगण्याची पद्धत तात्काळ बंद करण्यात यावी. सदर किल्ली निम्नस्वाक्षरीकाराच्या ताब्यात राहील." हा निम्नस्वाक्षरीकार म्हणजे मी. अक्कांनी मेमो दोनदा वाचला, पोच म्हणून सही केली, खिळ्यावरची किल्ली काढून माझ्या हातात दिली आणि विचारले, "मग सर, तुम्ही आता कायम दारापाशीच बसाल ना?" मला ते उद्धटपणाचे वाटले.

त्यानंतर तीन आठवड्यांनी, भर दुपारी, एका बाकावर ईथर पेटले. चूक कुणाची म्हणावी तर कुणाचीच नाही. बर्नर हवा होता त्यापेक्षा वीतभर जवळ होता. ज्वाळा पडद्याला लागली, पडद्यावरून तराजूच्या खोलीच्या दाराला लागून असलेल्या लाकडी कपाटाला. अक्कांनी वाळूची एक बादली रिकामी केली, दुसरी केली आणि मग आवाज दिला. मला त्या आवाजाचे आजही आश्चर्य वाटते. त्यात घबराट नव्हती. शेतातून बायकांना बोलवावे तसा तो होता. दोन-तीन मिनिटांत सगळे पुढच्या दाराने बाहेर पडून कडुनिंबाखाली उभे राहिले. टपरीवाल्याने स्टोव्ह बंद केला. कुणीतरी अग्निशमन दलाला फोन करायला कार्यालयाकडे पळाले.

मी हजेरीपट घेऊन बाहेर आलो होतो. माझी बॅग आतच राहिली, पण हजेरीपट मात्र मी आणला, यावरून माझा त्या वेळचा स्वभाव कळावा. मी हजेरी घेतली. बत्तीस नावे वाचली, बत्तीस वेळा "यस सर" ऐकले आणि हजेरीपट मिटला. मला सुटल्यासारखे वाटले. सगळे आले, असे मी विभागप्रमुखांना सांगितलेही.

अक्का मांडणीपाशी होत्या. धूर व्हरांड्यात येत होता तरी त्या तिथे उभ्या राहून बोटाने मोजत होत्या. मग कडुनिंबाखाली येऊन त्यांनी पोरांच्या घोळक्यात एकेकाच्या खांद्याला हात लावत मोजले. माझ्याशी त्या एरवी कचेरीतली मराठी बोलत. त्या वेळी मात्र घरची बोली तोंडात आली.

"सर, बॅगा बत्तीस शेतस. पोरे एकतीस शेतस."

मी म्हणालो, हजेरी पूर्ण आहे, आताच घेतली. हे म्हणताना माझ्या स्वरात चीड होती, हेही मला आठवते. अक्का माझ्याशी वाद घालायला थांबल्या नाहीत. त्या पोरांकडे वळल्या आणि त्यांनी विचारले की, दुसऱ्याच्या नावाला हजेरी कुणी दिली. मग एक मुलगी रडायला लागली.

रंजना नावाची तिची मैत्रीण सातपुड्याच्या पायथ्याच्या एका पाड्यावरून येई. तिच्या गावातून एम.एस्सी.ला आलेली ती पहिलीच. तिची एसटी वरचेवर चुके, म्हणून ही रडणारी मुलगी तिच्या नावाला "यस सर" म्हणून टाके. दीड वर्षात तिची जीभ इतकी सरावली होती की त्या दिवशी जळत्या इमारतीसमोर, मी रंजनाचे नाव वाचताच तिच्या तोंडून आपसूक उत्तर निघून गेले. रंजना मात्र त्या दिवशी वेळेवर आली होती. तिची बॅग मांडणीवर होती. वीस मिनिटांपूर्वी ती वजन करायला तराजूच्या खोलीत गेली होती.

अक्का इमारतीला वळसा घालून मागच्या बोळात धावल्या. मी त्यांच्यामागे. दाराच्या फटीतून धूर येत होता आणि आतून कुणीतरी दारावर हात आपटत होते. जोरात नव्हे. मी कुलूप ओढले, दाराला खांदा लावला, दगड शोधू लागलो. खिळा रिकामा होता. अक्का माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या.

"किल्ली कोनाजोडे शे?"

किल्ली माझ्या पँटच्या खिशात होती. गेले तीन आठवडे ती तिथेच होती आणि त्या पाच मिनिटांत ती मला आठवली नव्हती. अक्कांनी विचारल्यावर माझा हात आपोआप खिशाकडे गेला, पण किल्ली मी उलटी धरली आणि ती कुलपात जाईना. अक्कांनी ती माझ्या हातातून घेतली आणि दार उघडले. रंजना दारापाशी जमिनीवर पडली होती. तिने ओढणी ओली करून तोंडाला बांधली होती. पहिल्या दिवशी अक्कांनी सांगितलेले तिने तरी ऐकले होते.

रंजना जगली. आठ दिवस जळगावच्या रुग्णालयात राहून ती परत आली आणि त्याच वर्षी उत्तीर्ण झाली. हे वाक्य मी इथे लवकर लिहून टाकतो, कारण वाचकाला ताटकळत ठेवण्याचा मला अधिकार नाही.

पुढे चौकशी समिती बसली. मागच्या दाराची किल्ली जागेवर का नव्हती, हा तिचा मुख्य प्रश्न होता. अक्कांना आधी बोलावले. मी त्याच खोलीत, भिंतीला लागून असलेल्या खुर्चीवर बसलो होतो. समितीच्या अध्यक्षांनी विचारले की, किल्ली खिळ्यावरून कुणी काढली. अक्का म्हणाल्या, मी काढली. कुणाच्या सांगण्यावरून, असे विचारल्यावर त्या म्हणाल्या की, पोरे सटकत होती, म्हणून काढली. दोन्ही उत्तरे खरी होती. त्यांनी माझ्याकडे पाहिले नाही. मला बोलावले तेव्हा मी हजेरी कशी घेतली तेवढे सांगितले. मेमोचा उल्लेख मी केला नाही. कुणी विचारले नाही, अशी मी स्वतःची समजूत घातली. अक्कांना लेखी ताकीद मिळाली आणि ती त्यांच्या सेवापुस्तकात चढली. सत्तावीस वर्षांच्या नोकरीत त्यांच्या नावावर तेवढा एकच शेरा आहे.

दुसऱ्याच्या नावाला हजेरी देणे किती घातक असते, हे त्या दिवशी कडुनिंबाखाली ज्यांना सगळ्यांत आधी कळले, त्याच अक्कांनी समितीपुढे माझ्या नावाला हजेरी दिली आणि मी गप्प बसून ती देऊ दिली. मला याची लाज वाटते. चोवीस वर्षे वाटत आली आहे.

ताकीद मिळाल्याच्या दुसऱ्या दिवशी मी त्यांच्याकडे गेलो. काय बोलायचे ते ठरवून गेलो होतो, पण बोललो वेगळेच. त्यांनी असे का केले, हेच मी विचारले. अक्का परीक्षानळ्या धूत होत्या. हात न थांबवता त्या म्हणाल्या, "तुम्हले काढं असतं त नवा सर उना असता. त्यानी परत कुलूप लावं असतं. तुम्ही आते जलमभर लावाव नही." नव्या सराने येऊन तीच चूक पहिल्यापासून करण्यापेक्षा चूक करून बसलेला सर बरा, एवढाच त्यांचा हिशेब होता. त्यात माया किती होती आणि व्यवहार किती, हे मी आजवर ठरवू शकलेलो नाही. मग त्यांनी कनवटीतून घडी केलेला मेमो काढला, माझ्या हातात ठेवला आणि तो फाईलला लावून टाका, असे सांगितले. उद्यापासून प्रात्यक्षिकाच्या आधी किल्ली मी स्वतःच्या हाताने खिळ्यावर लावायची आणि पाटीवरचा आकडा पोरांनी पाळीपाळीने लिहायचा, हेही त्यांनीच ठरवून टाकले. एकट्या अक्कांनी मोजले तर अक्का सुटीवर असतील त्या दिवशी कोण मोजेल, असा त्यांचा प्रश्न होता. त्या दिवसापासून माझी बॅगही मांडणीवर असते. विभागप्रमुख झाल्यावरही मी ती आत नेलेली नाही.

विद्यापीठाने पुढे सुरक्षा समिती नेमली आणि नियतीचा विनोद असा की तिचा सचिव मला केले. समितीत अक्कांना घ्यावे असा ठराव मी मांडला, तेव्हा परिचर समितीवर कशा, असा आक्षेप आला. शेवटी त्यांना "विशेष निमंत्रित" म्हणून बोलवायचे ठरले. बैठकीत सगळे आपापले अहवाल वाचत. अक्का शेवटपर्यंत गप्प बसत आणि चहा येण्याच्या सुमारास एकच प्रश्न विचारत, किल्ली कुणाकडे आहे? ग्रंथालयाच्या गच्चीची कुणाकडे, भांडाराची कुणाकडे, विजेच्या मुख्य बटणाच्या खोलीची कुणाकडे? उत्तर बहुधा एकच येई की ती अमुक शिपायाकडे आहे आणि तो जेवायला गेला आहे. वरवर साधा वाटणारा हा प्रश्न भल्याभल्यांना घाम फोडी. मुलींच्या वसतिगृहाच्या लोखंडी दाराला कुलूप हवेच, यावर रेक्टरबाई ठाम होत्या आणि त्यांचेही खरे होते. अक्कांनी त्यांच्याशी तीन बैठका घासाघीस केली. अखेर प्रत्येक मजल्यावर काचेच्या पेटीत एक किल्ली आणि त्या पेटीची जबाबदारी मुलींची, आठवड्याला दोघींची पाळी, असा तोडगा निघाला. तो अजून चालू आहे.

पहिल्या सुरक्षा सप्ताहाची गोष्ट सांगितल्याशिवाय हा लेख पुरा होणार नाही. आम्ही खानदेशातले लोक, कार्यक्रम म्हटला की आमच्या अंगात येते. सभागृहात व्यासपीठ सजले, हारतुरे आले, रांगोळी आली, दीपप्रज्वलनाची समई आली. आग लागल्यावर बाहेर कसे पडायचे, याचा सराव सर्वांना करून दाखवायचा होता आणि त्याआधी पाहुण्यांचे स्वागत, परिचय, प्रास्ताविक आणि मनोगत. व्यासपीठामागे "सुरक्षा ही सर्वांची जबाबदारी" असा मोठा फलक भिंतभर ताणून बांधला होता. पाहुण्यांचे भाषण रंगात आले असताना अक्का उठल्या, व्यासपीठावर गेल्या आणि त्यांनी फलकाचे एक टोक वर उचलले. त्यामागे सभागृहाचे आपत्कालीन दार होते. दाराला कुलूप होते. सचिव म्हणून मी पहिल्या रांगेत बसलो होतो. अक्कांनी तिथूनच माझ्याकडे पाहिले. त्यांनी प्रश्न विचारला नाही, त्याची गरजही नव्हती. किल्ली मंडपवाल्याकडे होती आणि तो शहरात दुसरा मंडप घालायला गेला होता. पाहुण्यांनी हसून भाषण थांबवले. किल्ली येईपर्यंत सगळे सभागृह बाहेर कडुनिंबाखाली जाऊन बसले. सराव आपोआप झाला, प्रमाणपत्रे तेवढी राहून गेली. वरातीमागून घोडे म्हणजे काय, हे त्या दिवशी कुलगुरूंसह सगळ्यांना कळले.

गौरवलेखात दोष सांगू नयेत असा संकेत आहे. पण अक्कांविषयी केवळ गोड लिहिले तर त्यांना ओळखणारे लोक विश्वास ठेवणार नाहीत. त्या हट्टी आहेत. एकदा बोललेला शब्द मागे घेत नाहीत. माझ्या लग्नात पहूरला आल्या तेव्हा त्यांनी आधी आचाऱ्याच्या सिलिंडरची नळी तपासली आणि मग अक्षता हातात घेतल्या. माझ्या सासरच्यांना त्या गॅस एजन्सीच्या बाई वाटल्या. माझे वडील आजारी पडून धुळ्याच्या रुग्णालयात होते, तेव्हा अक्का एसटीने भेटायला आल्या, डब्यात कळण्याची भाकरी आणि भरीत घेऊन. वडिलांची विचारपूस करण्याआधी त्यांनी मला या मजल्यावरून उतरायचा दुसरा जिना कुठे आहे ते विचारले. मला माहीत नव्हते. आम्ही दोघांनी तो शोधून काढला. मग त्या वडिलांच्या उशाशी दोन तास बसल्या आणि ती आगीची गोष्ट त्यांना सांगितली. त्यात मेमो कुठेही नव्हता. त्यांच्या गोष्टीत किल्ली माझ्या खिशात होती हे खरे होते, पण ती मी दार उघडण्यासाठीच घेऊन धावलो होतो. वडील शेवटपर्यंत त्या गोष्टीवर विश्वास ठेवून होते.

या वर्षी हा ग्रंथ निघणार असे ठरल्यावर मी मेमोची प्रत घेऊन प्रशासनाकडे गेलो. चूक माझी होती, ताकीद माझ्या नावावर घ्या आणि अक्कांच्या सेवापुस्तकातला शेरा काढा, असे लेखी दिले. संबंधित अधिकारी सज्जन होते. त्यांनी मला चहा दिला आणि सांगितले की, निवृत्त कर्मचाऱ्याचे सेवापुस्तक बंद झालेले असते, त्यात आता काही लिहिता येत नाही आणि काही खोडताही येत नाही. तिथे जागा नाही, म्हणून मी इथे लिहितो आहे. त्या मेमोची प्रत या लेखासोबत छापावी, अशी माझी संपादकांना विनंती आहे. खालची सही वाचता येईल इतकी मोठी असावी.

छापायला देण्यापूर्वी हा लेख मी शिंदखेड्याला जाऊन अक्कांना वाचून दाखवला. आता त्या तिथे मुलाकडे राहतात. कान शाबूत आहेत, गुडघे कुरकुरतात. सकाळची वेळ होती. ओट्यावर बसून त्या मेथी निवडत होत्या. समितीचा भाग आला तेव्हा त्यांचे हात थांबले. मी वाचून संपवले. मला वाटले, हे छापू नका असे म्हणतील आणि त्या म्हणाल्या असत्या तर मी काय केले असते, हे मला खरोखर सांगता येत नाही. पण त्यांनी विचारले ते वेगळेच.

"रंजना येई राहिनी का?"

रंजना आता धुळ्याच्या एका महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवतात. त्यांच्या प्रयोगशाळेत दारामागे छोटी पाटी आहे, हे मी स्वतः पाहिले आहे. त्या येणार आहेत, त्यांची ती मैत्रीणही येणार आहे. त्या तुकडीतल्या सगळ्यांना निरोप गेले आहेत, असे मी अक्कांना सांगितले. त्यांनी मान हलवली आणि मेथीची जुडी पुन्हा हातात घेतली. "मंग हजेरी ल्या," त्या म्हणाल्या. "पन ज्यानं नाव त्यानीच बोलानं."

अक्कांच्या गुडघ्यांना उभारी मिळो, त्यांचे कान असेच तिखट राहोत आणि आमच्या बॅगा मोजायला त्या आणखी पुष्कळ वर्षे आमच्यात असोत, ही माझी आणि त्यांनी मोजलेल्या प्रत्येकाची मनापासून इच्छा आहे. गौरव समारंभाला येणाऱ्यांनी आपल्या बॅगा बाहेरच्या मांडणीवर ठेवाव्यात. सभागृहाच्या मागच्या दाराची किल्ली दाराशेजारच्या खिळ्यावर असेल, ती मी सकाळी स्वतः लावणार आहे. त्यानंतर त्या तुकडीची हजेरी होईल. बत्तीस नावे संपली की तेहतिसावे नाव माझे वाचायला मी सांगितले आहे, आणि उत्तर मीच देणार आहे.